शिळ्या पाण्याची बरणी

ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हाही जमलं नाही, आता काय जमणार. अक्षर असं, की कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून चालत गेली म्हणावं. शाळेत मास्तर माझी पाटी बघून म्हणायचे, "पोरी, हे लिहिलंस का पाटी जमिनीवर घासलीस?" चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून बोलायचं राहिलेलं इथं लिहिते. आणि लिहायला बसले की पहिली ती बरणीच आठवते.

तेव्हा पिंपरीला औषधाचा नवा कारखाना उभा राहत होता. मी लग्न होऊन आले त्या साली ज्या माळावर गुरं चरत होती, तिथं आता भोंगा वाजायचा. आमचे हे मशीन बसवणाऱ्या लोकांच्या हाताखाली लागले होते. मशिनीबरोबर परदेशचे साहेब आले आणि साहेबांबरोबर त्यांच्या बायका आल्या. त्यातल्या एका बाईसाहेबांना घरकामाला कुणी हवं होतं. ह्यांनी साहेबांना सांगितलं, "माझी बायको आहे. बोलत नाही, पण काम चोख करते." महिना बारा रुपये ठरले. ते सासूबाईंच्या हातात जायचे. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू.

बाईसाहेब उंच होत्या. केस मक्याच्या कणसाला येतात तसे. त्यांचा देश त्यांनी मला नकाशात बोट ठेवून दाखवला होता. नाव मला म्हणता यायचं नाही. समुद्राकाठचा, डोंगरांचा आणि मेंढरांचा देश, एवढं कळलं. त्यांना हिंदीचे चारच शब्द यायचे. पानी, दूध, अच्छा, नहीं. मलाही हिंदी जवळपास तेवढीच येत होती, त्यामुळं आमचं छान जमलं.

त्यांच्या स्वयंपाकघराला लागून एक अंधारी खोली होती. तिथं फरशीवर काचेची एक मोठी बरणी होती आणि बरणीत गढूळ, पिवळसर पाणी. पाण्यात विटेच्या आकाराच्या पांढऱ्या वड्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, साबण भिजत घातलाय. मी धुण्याला एक वडी काढायला गेले, तर बाईसाहेब धावत आल्या. "नहीं, नहीं!" आणि हसत हसत त्यांनी हात तोंडाकडे नेऊन दाखवलं. खायचं होतं ते! मेंढीच्या दुधाचं चीज. त्यांच्याकडं ते महिनोन्महिने असं पाण्यात ठेवतात.

भिंतीवर त्यांची दिनदर्शिका होती. होळीच्या सुमाराला त्या रोज रात्री एकेका तारखेवर फुली मारायला लागल्या. दूध, तूप, अंडं, मटण, सगळ्यावर बोट ठेवून "नहीं". मग पुढच्या पानावरच्या एका तारखेभोवती त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं गोल काढला होता, तिथं बोट ठेवलं, बरणीकडं बघितलं आणि डोळे मिटले. मला एकदम उमगलं. उपवास! सलग चाळीसच्या वर दिवसांचा उपवास, आणि त्या तांबड्या तारखेला ह्या बरणीतल्या वडीनं पारणं! मला इतका आनंद झाला, की वाटलं आत्ता घरी पळत जावं आणि आत्याबाईंना सांगावं, गोऱ्या बायकासुद्धा आपल्यासारखाच उपवास धरतात म्हणून.

उपवासाच्या पहिल्याच आठवड्यात बाईसाहेब साहेबांबरोबर आठ दिवस मुंबईला निघाल्या. जाताना मला बरणीपाशी नेलं. वड्या पाण्याच्या वर येता कामा नयेत, असं तळहात खाली दाबून दाखवलं. "अच्छा?" "अच्छा," मी म्हटलं. घराची किल्ली माझ्या हातात देऊन त्या गेल्या. आजवर माझ्यावर कुणी एवढी मोठी गोष्ट सोपवली नव्हती.

आता आमच्या घरची रीत सांगते, म्हणजे मी काय केलं ते कळेल. पहाटे उठल्यावर सुनेचं पहिलं काम म्हणजे शिळं पाणी ओतायचं. हंडा, कळशी, माठ, तांब्या, सगळं रिकामं करून घासायचं आणि ताजं पाणी फडक्यानं गाळून भरायचं. रात्रीचं पाणी सकाळी घरात दिसलं तर आत्याबाई म्हणायच्या, "आज शिळं पाणी, उद्या शिळं तोंड." तर पहिल्या दिवशी बंगल्यावर गेले, त्या गढूळ पाण्याकडं बघितलं आणि मला बाईसाहेबांची कीवच आली. किती दिवसांचं पाणी! कुणी सांगितलंच नसेल त्यांना. मी ते सगळं मोरीत ओतलं. एकेक वडी धुतली, अलगद, तान्ह्या बाळाला धुवावं तशी. नळाचं पाणी नको म्हणून आमच्या विहिरीचं गोड पाणी कळशीनं आणलं, तीन पदरी फडक्यानं गाळलं आणि बरणी भरली. काय सुंदर दिसायला लागली! काचेतून वड्या चांदीसारख्या. मी पदरानं बरणी पुसली आणि तिथंच उभी राहून बघत राहिले.

रोज तेच. चौथ्या दिवशी वड्या हाताला बुळबुळीत लागल्या. सहाव्या दिवशी कोपरे झिजलेले दिसले आणि पाणी दुधाळ झालं. मला वाटलं, आपलं पाणी कमी पडतंय. मग मी दिवसातून दोनदा बदलायला लागले.

बाईसाहेब परत आल्या त्या थेट त्या खोलीत गेल्या. मी मागं उभी, शाबासकीसाठी मान खाली घालून. त्यांनी झाकण काढलं, हात घातला, आणि वडी त्यांच्या बोटांतून लापशीसारखी गळाली. दुसरी उचलली, तीही गळाली. त्या फरशीवर मटकन बसल्या. ओरडल्या नाहीत. नवा शब्द शिकून आल्या होत्या, तो म्हणाल्या, "गरमी."

त्यांना वाटलं उन्हानं झालं. मी मान डोलावली असती तर सुटले असते. पण त्या चेहऱ्याकडं बघून मला ते जमेना, आणि तोंडानं सांगणंही जमेना. मग मी कोपऱ्यातली कळशी उचलली. बरणी ओतल्याचं करून दाखवलं. कळशीनं भरल्याचं दाखवलं. परत ओतलं, परत भरलं. आठ बोटं दाखवली. मग आठवलं, म्हणून आणखी दोन.

बाईसाहेब असं हसायला लागल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. त्या उठल्या, मिठाच्या डब्यातून ओंजळभर मीठ काढून माझ्यासमोर धरलं आणि ते पाण्यात कालवून दाखवलं. ते गढूळ पाणी म्हणजे मिठाचा खार होता! दुधाची स्वतःची निवळ, दही टांगलं की गळतं तसं पाणी, आणि तिच्यात मीठ. त्या खारानंच वड्या टिकत होत्या. मी रोज खार फेकून त्यांना गोड्या पाण्यात बुडवत होते. हसता हसता त्यांची नजर भिंतीवरच्या तांबड्या गोलावर गेली आणि हसू थांबलं. मेंढीचं दूध त्यांनी कुठून तरी लांबून, मोटारीतून आणवलं होतं. ते आता मिळणार नव्हतं. मला मात्र पाठीवर थोपटून म्हणाल्या, "अच्छा, अच्छा."

तांबड्या तारखेला एकतीस दिवस उरले होते. मी घरी जाताना मोजत गेले. कुणाचं पारणं माझ्या हातून नासलं, हे एकच डोक्यात. आणि आमच्या नदीकाठच्या वावरापाशी आले, तर समोर काय! वावर सगळं पांढरं-काळं. मेंढरं!

उन्हाळ्यात पिकं निघाली की आमच्याकडं शेतकरी धनगरांना बोलावून रात्रीची मेंढरं वावरात बसवतात. लेंड्यांचं खत होतं, धनगरांना त्याचं धान्य मिळतं. सासऱ्यांनी त्याच दिवशी मेंढरं बसवली होती. मी बांधावर उभी राहिले. पालासमोर एक धनगरीण तीन दगडांवर भाकरी थापत होती. वय आत्याबाईंएवढं असेल. मी बराच वेळ नुसतीच उभी.

"काय गं, मुकी हायेस व्हय?" ती म्हणाली.

"मावशी, दूध..."

"आमी दूध इकत न्हाई. कोकरांच्या तोंडचं काढून इकू का?"

मी वळलेच होते. पण पाय निघेना. आणि मग काय झालं कोण जाणे, मी बोलायला लागले. जन्मात एका दमात इतकं बोलले नव्हते. बाईसाहेब, उपवास, साबण, कळशी, आठ दिवस, दोनदा पाणी, सगळं. धनगरीण अशी हसली की कुत्री भुंकायला लागली. तिनं पालात हाक मारली, "अवो, ऐकलंसा का? हिनं खारातलं धुऊन काढलं म्हणं, धा येळा!" आणि मला म्हणाली, "अगं लेकी, मेंढीलासुदिक कळतं मीठ चाटाया लागतं म्हून. तू शाळा शिकलीस न्हवं?"

"चौथी," मी म्हटलं.

"मंग पाचवीत असंल ते."

तिनं मान्य केलं! कोकरं पिऊन उरेल ते मेंढीचं, त्यात शेळीचं मिसळून, रोज एक चरवी. चरवीला रुपया. "पर आखिती झाली की आमी आमच्या मुलखाकडं निघनार. त्याच्या आत पैका पायजे. एकदा मेंढरं हालली की कुटं गाठ पडायची?" अक्षय्य तृतीयेला अजून महिन्यावर अवकाश होता, मी हो म्हटलं. माझ्याजवळ एक आणा नव्हता. बाईसाहेबांकडून घ्यायचे नाहीत हे मी वाटेतच ठरवलं होतं. चूक माझी, दूध माझं. तिनं लोकरीचा एक काळा दोरा काढला आणि उद्याच्या चरवीची पहिली गाठ आजच मारून ठेवली. तिचा हिशेब तोच.

आता बरणी. बाईसाहेबांच्या काचेच्या बरणीला आंबल्या दुधाचा वास धरला होता, ती उन्हात तापवायला ठेवली होती. पितळेची कळशी चालणार नाही, खारानं हिरवी होते, हे मला माहीत होतं. उरली आत्याबाईंची लोणच्याची चिनी मातीची बरणी. शंभर कैऱ्यांची. माझ्या गुडघ्याएवढी. घरात त्या बरणीला फक्त आत्याबाई हात लावायच्या.

मी मागितली तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं. "माझ्या बरनीत मेंढीचं दूध? पुढच्या साली लोनचं बें बें करंल त्याचं काय?"

हे भाकरी खात होते. म्हणाले, "आई, दे की. लोणच्याला मीठ कमी असतं तुझ्या, मेंढीची आठवण झाली तर बरंच आहे."

"माझ्या लोनच्याला मीठ कमी?" आत्याबाई उठल्या, बरणी रिकामी होतीच, ती माझ्यापुढं आणून ठेवली. "ही घे. खार कसा करत्यात ते मी दावते. तुझ्या त्या मडमेला म्हनावं, आमीबी कैऱ्या वरीसवरीस ठेवतो." मग माझा कान धरून म्हणाल्या, "ओला हात घालायचा न्हाई. तोंडाला कोरडं फडकं बांधायचं. वर धोंडा ठेवायचा, काय वर येऊ द्यायचं न्हाई. पानी बदलशील तर हात मोडून ठेवीन."

दुसऱ्या सकाळपासून काय दिवस होते ते! पहाटे वावरात जायचं, चरवी घ्यायची, धनगरीण दोऱ्याला गाठ मारणार, आणि मी फेस हिंदकळत चरवी डोक्यावर घेऊन बंगल्याकडं, जवळपास पळतच. बाईसाहेब फाटकात उभ्या. पहिल्या दिवशी त्यांनी चरवीत डोकावून वास घेतला आणि माझे दोन्ही गाल धरून मला हलवलं. बंगल्याच्या मागं जुन्या बागेतलं अंजिराचं एक झाड राहिलं होतं. त्याची कोवळी फांदी त्या मोडायच्या. पांढरा चीक टपटपायला लागला की कोमट दुधात ती फांदी फिरवायची. थोडीच, जास्त फिरवली तर कडू होतं. मग झाकून ठेवायचं आणि पुन्हा उघडलं तर दूध दह्यापेक्षा घट्ट! मला वाटलं जादूच. सुरीनं चौकोन कापायचे, फडक्यात बांधून टांगायचं, निवळ खाली धरायची, सांडू द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी वड्या पाडून मीठ चोळायचं. मग बंगल्यावर आणून ठेवलेल्या आत्याबाईंच्या बरणीत, निवळीच्या खारात.

खारात मीठ किती, ते बघायला बाईसाहेबांनी अंडं आणलं. अंडं खारात सोडायचं. बुडलं तर मीठ कमी, वर आलं तर पुरे. पण बरणी आत्याबाईंची, त्यांच्या गळ्यात माळ. मी हात जोडून "नहीं" केलं आणि एक बटाटा आणला. बाईसाहेब भुवया उंचावून बघत राहिल्या. एक मूठ मीठ, बटाटा बुडाला. दुसरी मूठ, तिसरी, बटाटा तळाशी हलला. आणखी दोन, आणि बटाटा हळूच वर आला आणि तरंगला. आम्ही दोघी टाळ्या वाजवायला लागलो! नंतर त्यांनी अंडं वेगळ्या वाडग्यात सोडून बघितलं. तेही तरंगलं. त्यांनी बटाट्याला सलाम केला.

गंमत पुढं आहे. बाईसाहेबांचा उपवास, साहेबांचाही. त्यांना चव घेता येईना! खारट झालं का आंबलं का कडू झालं, हे कळायचं कसं? त्या माझ्याकडं बघत आणि मी वडीच्या कोपऱ्याचा कण जिभेवर ठेवत असे. त्या घरात, त्या चाळीस दिवसांत, ती चव कळणारी जीभ एकटी माझी. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा डोळे मिटले गेले. आधी मीठ, मग आंबूस, मग मेंढीच्या अंगाचा कोमट वास, आणि शेवटी काही तरी गोड. भाकरी पाहिजे होती, आणि हिरवी मिरची! मी बोटांनी भाकरी थापल्याचं दाखवलं. बाईसाहेब ओठ घट्ट मिटून हसल्या आणि पाठमोऱ्या झाल्या. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

वैशाखाचं ऊन जवळ येत होतं. बंगल्याची ती अंधारी खोलीसुद्धा दुपारी भट्टी व्हायची. बरणी थंड ठेवायला जागा हवी. आमच्या वावरातल्या विहिरीला आतून पायऱ्या होत्या. खाली उतरून गेलं की पाण्याच्या वर दोन हातांवर एक कोनाडा. तिथं भर दुपारी अंगावर काटा यायचा इतका गारवा. ह्यांनी आणि सासऱ्यांनी बरणी दोरखंडात धरून पायरी पायरीनं खाली उतरवली. आत्याबाई वरून ओरडत होत्या, "बरनी फुटली तर दोघं तितंच ऱ्हावा!" भोवती ओलं पोतं गुंडाळलं. नदीतला एक गुळगुळीत गोटा उकळून वर दाबाला ठेवला. तिथून पुढं रोजची वडी विहिरीतच जायची, आणि मी सकाळ-संध्याकाळ पायऱ्या उतरून बघायची, सगळं खाराखाली आहे ना.

मेंढरं आमच्या वावरातून शेजारच्या, तिथून पलीकडच्या वावरात सरकत होती. मीही त्यांच्यामागं. पाणी कमी झालं होतं तरी चरवी घेऊन नदी ओलांडताना जीव मुठीत असायचा. अठरा दिवसांत अठरा गाठी झाल्या आणि बरणी गळ्यापर्यंत भरली.

मग तेराएक दिवस नुसतं थांबायचं होतं. त्यातल्या पाचव्या दिवशी मी फडकं सोडलं आणि बघते तर काय! खारावर पांढरी, सुरकुतलेली साय आली होती. वास येत होता. माझा हात आपोआप बरणीच्या कडेला गेला, ओतायला. खरंच गेला. खाली विहिरीचं स्वच्छ, गार पाणी चमकत होतं. मी हात मागं घेतला, पाठीवर बांधल्यासारखा धरला, आणि पायऱ्या चढून घराकडं पळत सुटले.

"आत्याबाई, वर पांढरं आलंय!"

"मंग येनारच. कैरीला येतं न्हवं? कोरड्या पळीनं वरचं काढ, मूठभर मीठ टाक, गप बस." आणि मग माझ्याकडं नीट बघून, "वतलं तर न्हाईस?"

"न्हाई!"

"शहानी झालीस," त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

साय काढली, मीठ टाकलं, एक कण तोंडात घातला. आतून वडी तशीच, घट्ट, उलट आणखी चवदार झालेली! मी विहिरीत एकटीच मोठ्यानं हसले आणि विहीरही हसली.

तांबड्या तारखेच्या आदल्या दिवशी बरणी वर काढली. पारण्यापुरत्या वड्या बाईसाहेबांनी काढल्या आणि, आता हसू नका, साध्या पाण्यात भिजत घातल्या! मी घाबरून "नहीं, नहीं" करायला लागले. त्यांनी समजावलं. खायच्या आदल्या दिवशी एकदा गोड्या पाण्यात ठेवायचं, म्हणजे जास्तीचं मीठ निघतं. पण बाहेर काढलेली वडी परत खारात टाकायची नाही, बरणीतली धक्का न लावता तशीच. म्हणजे माझं पाणी अगदीच चुकलं नव्हतं, वेळ चुकली होती.

त्या दिवशी मुंबईहून त्यांच्या देशाची चार बिऱ्हाडं आली. रंगवलेली तांबडी अंडी एकमेकांवर आपटून फोडली. मग सगळे बाईसाहेबांकडं बघायला लागले. त्यांनी वडीचा एक तुकडा तोडला, तोंडात घातला, आणि चावायच्या थांबल्या. मी दाराआड पदर तोंडात धरून उभी. काही तरी बिघडलं, मला वाटलं. आणि बाईसाहेब तशाच, भरल्या तोंडानं, रडत हसत दाराआड आल्या आणि मला ओढत सगळ्यांच्या मधोमध नेलं. काय बोलल्या ते कळलं नाही. पण मध्येच त्यांनी कळशी ओतल्यासारखे हात केले, दहा बोटं दाखवली, आणि सगळं घर हसलं. मी पण हसले. पंधरा-वीस परक्या माणसांत उभी राहून हसले!

बरणीत अजून निम्म्या वड्या होत्या. पाहुण्यांतल्या बायका बाईसाहेबांना काही विचारायला लागल्या. त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. दूध हिचं, म्हणजे चीज हिचं. त्यांनी काचेच्या बाटल्या आणल्या, मी कोरड्या हातानं वड्या काढून दिल्या, वर बरणीतलाच खार ओतला आणि प्रत्येकीला बोट हलवून बजावलं, "पानी नहीं!" माझ्या पदरात चौदा रुपये पडले.

घरी आले तर आत्याबाई चुलीपाशी पाठमोऱ्या बसलेल्या. त्यांच्या ताटात भाकरी, मिरची, आणि मी चवीला आणून ठेवलेली वडी. अर्धी संपलेली.

"कसं आहे?" मी विचारलं.

"मीठ बरं हाय," त्या तोंड न वळवता म्हणाल्या. मग चौदा रुपये बघून उठल्या, फडताळातल्या डब्यातून चार काढले आणि माझ्यापुढं टाकले. "तुझ्याच पगारातलं हायेत. धनगराचं बुडवू नये."

आखितीला अजून चार-पाच दिवस होते, म्हणून मी निवांत होते. तेवढ्यात हे कामावरून आले. म्हणाले, "अगं, मेंढरं हलताहेत. पुनावळ्याला चारा संपला, आज ऊन उतरलं की निघणार, असं तिकडचा एक गडी कारखान्यात सांगत होता."

पुनावळे माझं माहेर. वाट पाठ होती. मी अठरा रुपये पदराच्या टोकाला बांधले आणि निघाले. नदी ओलांडली, जवळची वाट म्हणून नांगरटीतून गेले, पायात ढेकळं टोचत होती तरी पळत होते. माहेरच्या घरावरून गेले, पण आत गेले नाही. आई दारातून ओरडली, "अगं, कुटं?" मी हात हलवला. गावापलीकडं धूळ दिसत होती. मेंढरं वाटेला लागली होती, घोड्यावर पाल, भांडी आणि वर कोंबड्या बांधलेल्या. सगळ्यात मागं धनगरीण, कोकरू काखेत घेऊन.

"मावशी!" मी एवढ्या मोठ्यानं हाक मारली, की माझी मलाच ओळख पटली नाही.

ती थांबली. "आलीस व्हय? मी म्हनलं, गेला पैका मेंढीच्या शेपटीला." मी पदर सोडून रुपये तिच्या हातावर ठेवले. तिनं ते मोजले नाहीत. कमरेचा काळा दोरा काढला. एक रुपया ओच्यात टाकायची आणि एक गाठ सोडायची. एक रुपया, एक गाठ. मेंढरं पुढं चालली होती, तिला घाई नव्हती. मी फडक्यात बांधून आणलेली एक वडी तिला दिली. तिनं वास घेतला, कोपरा खाल्ला, आणि मान हलवली.

"झालं व्हय पारनं त्या बाईचं?"

"झालं, मावशी."

शेवटची गाठ पहिल्या दिवसाची होती, घट्ट बसलेली. नखानं सुटेना. तिनं ती दातांत धरली, ओढली, आणि सरळ झालेला दोरा माझ्या हातात दिला.